पैसे देऊन भुतं बघायला नगरला गेलो

पिशवी घेऊन राहुरीजवळच्या आमच्या देवळालीच्या फाट्यावर उभा होतो. शेजारच्या भाऊसाहेबानं मोटारसायकल थांबवून विचारलं, "अन्ना, कुठं? दवाखान्यात का?"

"न्हाई. नगरला भुतं बघायला."

तो हसला आणि गेला. माझ्या वयाच्या माणसाला दोनच कामं असतात, दवाखाना नाहीतर कोर्ट, असं लोकांना वाटतं. मी खरं सांगितलं तर त्याला चेष्टा वाटली. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. पण जे झालं तेच लिहितोय.

पुण्याला दिलेली माझी मुलगी सुरेखा दिवाळीला आली होती, तेव्हा तिच्या मोबाईलवर मी ही जाहिरात बघितली. नगर शहरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, शनिवार-रविवारी संध्याकाळी काही पोरं लोकांना पायी फिरवतात आणि भुताच्या जागा दाखवतात. माणशी सहाशे रुपये. खाली लिहिलं होतं, 'शांती न मिळालेल्या आत्म्यांच्या कथा, अभ्यासू मार्गदर्शकासह'. त्या 'अभ्यासू' शब्दाला मी भुललो. सुरेखाला म्हणालो, मला एक तिकीट काढून दे. ती म्हणाली, "अन्ना, तुमी? आईला सोप्यात पाल दिसली तरी तुमीच आदी पळायचे." मी म्हणालो, काढ गपचिप. का जायचंय ते तिला सांगितलं नाही.

तुम्हाला सांगतो. माझी बायको सिंधू श्रावणात गेली. दहावा पुणतांब्याला गोदावरीवर केला. पिंड ठेवला, सगळे मागं सरकलो. कावळे झाडावर होते, दहा-बारा तरी असतील. एक खाली येईना. आमच्याकडं समजूत अशी की गेलेल्या माणसाचं काही मनात राहिलं असलं तर कावळा शिवत नाही. मग ज्यानं त्यानं मोठ्यानं शब्द द्यायचा. पुतण्या म्हणाला, काकू, अन्नाला आम्ही सांभाळू. सुरेखा म्हणाली, आई, मी दर महिन्याला येईन. मी म्हणालो, तुझी गाय विकणार नाही. कावळे तसेच बसून.

काय राहिलं होतं ते मला माहीत होतं. घाटाच्या पार टोकाला, लिंबाच्या झाडाखाली तिची धाकटी बहीण शकुंतला एकटी उभी होती. ती सोनईला असते. वीस वर्षांपूर्वी सुरेखाच्या लग्नात पंगतीला बुंदी कमी पडली, तेव्हा शकू सगळ्यांसमोर म्हणाली होती, "दाजी, साखर कारखान्याच्या गावात राहता आनि गोडच कमी पाडलं व्हय?" ती चेष्टेनं म्हणाली, पण व्याही हसले आणि मला लागलं. मी म्हणालो, परत माझ्या दारात पाय ठेवू नको. ती आली नाही. सिंधूनं पहिल्या वर्षी दोनदा विषय काढला, मी ताटावरून उठलो, मग तिनं काढला नाही. राहुरीच्या बाजारात दोघी भेटायच्या हे मला माहीत होतं. माहीत नसल्यासारखं करायचो.

त्या दिवशी घाटावर एवढंच म्हणायचं होतं, 'शकूला घरी आणीन.' चार शब्दसुद्धा नाहीत. भावकी बघत होती. माझ्या तोंडातून निघालं नाही. ऊन चढलं, गुरुजींना दुसरीकडं जायचं होतं. त्यांनी दर्भाचा (पूजेच्या गवताचा) कावळा केला आणि पिंडाला टेकवला. लोक जेवायला गेले.

तेव्हापासून झोप नाही. गावात कुणाला विचारायची लाज. म्हटलं, शहरातला अभ्यासू माणूस आहे, परका आहे, त्याला विचारू की बाबा, अडकून राहिलेलं माणूस कुठं असतं आणि त्याला कसं मोकळं करतात.

एसटी उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं चालली होती. थंडीचे दिवस, सगळीकडं तोड सुरू. दोन-दोन ट्रॉल्या, वर वाढ्यांचे (उसाच्या शेंड्यांचे) भारे आणि त्यावर बसलेली तोडकऱ्यांची बायकापोरं. कंडक्टरनं आधारकार्ड बघितलं आणि फुकटचं तिकीट दिलं. पंचाहत्तरी पार झाली की फुकट. सिंधूला बायकांचं अर्धं तिकीट होतं, पण तिनं ते किती वेळा काढलं असेल? मी ट्रॅक्टरच्या सामानासाठी शंभरदा नगरला गेलो, तिला एकदाच आणली, तेही डोळ्याच्या ऑपरेशनला. पट्टी बांधायच्या आधी तिनं डोंगरावरचा चांदबीबीचा महाल बघून विचारलं होतं, "त्ये वर काय हाय वो?" मी म्हणालो, "महाल हाय. त्यात काय बघायचं." यावेळी शहरात शिरल्यावर डोंगराकडं बघितलं. महाल होता तिथंच होता. खरंच, बघायला काय हरकत होती?

स्टँडजवळ लॉजवर पिशवी टाकली आणि एका खानावळीत शिपी आमटी (डाळीची काळ्या मसाल्याची पातळ, जाळ आमटी) आणि बाजरीची भाकरी खाल्ली. नाकातोंडातून पाणी आलं. वाढणारा म्हणाला, "बाबा, पानी देऊ का?" मी म्हणालो, "राहू दे. तिखटानं आलंय असं तरी लोक म्हनतील." त्याला काही कळलं नाही. बरंच झालं.

दिवेलागणीला सांगितलेल्या चौकात गेलो. बाराएक माणसं होती. पुण्याचं एक नवरा-बायकोचं जोडपं, बँकेत काम करणाऱ्या दोन बाया, बाकी कॉलेजची पोरं-पोरी. मार्गदर्शक तिशीचा, काळा सदरा, हातात कंदील. कंदिलात सेलवरचा दिवा होता. नाव निनाद. मला बघून म्हणाला, "काका, हार्टचा वगैरे काही त्रास?" मी म्हणालो, "बायको मेली तेव्हा बंद पडलं न्हाई, आता काय पडतंय." तो हसावं का नाही या विचारात पडला.

चालणं चांगलं होतं, हे खोटं बोलणार नाही. एवढ्या वेळा नगरला आलो, पण मला दुकानांच्या पाट्याच माहीत. त्या पोरानं एका गल्लीत भिंतीवरची दगडी फुलं दाखवली, एका पडक्या बंगल्यासमोर गोऱ्या साहेबाची गोष्ट सांगितली, एका वडाखाली फौजेतला घोडा ओरडतो म्हणाला. घोडा भूत होतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडं बैल कधी झाला नाही. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि बँकेतल्या बाईंनी केसाची पिन काढून लावून दिली. "काका, एकटेच आलात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "आमचे बाबा तर टीव्हीसमोरून उठत नाहीत," दुसरी म्हणाली. "त्यांना उठवा," मी म्हणालो, "आनि आईला पन संगं घ्या."

शेवटची जागा म्हणजे एक जुनी बारव (पायऱ्यांची विहीर). खाली अंधार आणि थोडं पाणी. निनादनं कंदील खाली ठेवला आणि आवाज जाड केला. "इथं एक बाई आहे. तिच्या दहाव्याला कावळा शिवला नाही..."

मी कंदिलाच्या उजेडातून मागं सरकलो.

"...सकाळपासून दुपारपर्यंत लोक ओरडत होते. काव! काव!" त्यानं कावळ्याचा आवाज काढला. पोरं खिदळली, दोघा-तिघांनी काव काव केलं. "आणि मग नवऱ्यानं खोटा कावळा लावला. तेव्हापासून ती या पायऱ्यांवर बसून विचारते, माझं काय राहिलं? माझं काय राहिलं?" मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "काका गावाकडचे आहेत. काका, सांगा बरं, असं खरंच होतं का?"

"होतं," मी म्हणालो. "माझ्या बायकोचं झालंय."

मला थांबायला पाहिजे होतं, पण तोंड सुटलं. म्हणालो, "लोकं काव काव करत न्हाईत. लोकं शब्द देतात. कावळा नवऱ्याच्या शब्दाची वाट बघत असतो, आनि नवरा भावकीच्या तोंडाकडं बघत उभा असतो. ज्ये तीन महिन्यांत कुनाला बोललो न्हाई त्ये तुमाला सांगतो, तिला तिची बहीन घरात पायजे हुती. दुसरं काय बी नको हुतं."

आणि पुण्याच्या जोडप्यानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच. "काकांना पण यांनीच ठेवलंय!" तो नवरा बायकोला म्हणाला. "काय ओरिजिनल बोलतात ना?"

तेवढ्यात खालच्या पायरीवरून पांढऱ्या साडीतली, केस सोडलेली बाई किंचाळत वर आली. पोरी ओरडल्या, कंदील लवंडला. मी काय ओरडणार? बाई माझ्या सुरेखाच्या वयाची, पायऱ्या शेवाळलेल्या. मी म्हणालो, "अगं दमानं, पडशील!" आणि हात दिला. तिनं भूतपण विसरून तो धरला.

फेरी संपली. पोरं फोटो काढत होती. निनाद जवळ येऊन म्हणाला, "काका, सॉरी. मला माहीत नव्हतं. पैसे परत करू का?"

"पैशाचं राहू दे. मला एवढं सांग, तू अभ्यास केलायस, अशा अडकलेल्या माणसाला मोकळं कसं करतात?"

त्यानं मान खाली घातली. "काका, मी इंजिनिअर आहे. या गोष्टी आम्ही तिघांनी बसून लिहिल्या."

मी कट्ट्यावर टेकलो. भूत झालेली बाई शेजारी बसून तोंडावरची पावडर पुसत होती. आता केस बांधले होते. तिनं थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला.

"दर शनिवारी मरतीस व्हय?" मी विचारलं.

"रविवारी पन. बाकी दिवस पोळ्या लाटते." मग म्हणाली, "मी खालून ऐकलं सगळं. बहीन हाय का अजून?"

"हाय. सोनईला."

"मग हितं काय करताय, बाबा?"

लॉजवर जाऊन पडलो. सकाळी पहिल्या उघडलेल्या हलवायाकडून दोन किलो बुंदी घेतली आणि राहुरीच्या गाडीत बसायच्या ऐवजी घोडेगावची गाडी धरली. इमामपूरचा घाट उतरताना दोनदा वाटलं, पांढरीपुलावर उतरावं आणि माघारी फिरावं. काय म्हणून जायचं? वीस वर्षांत एकदा नाही गेलो, आता बायको मेल्यावर बुंदी घेऊन? पिशवी गरम होती, मांडीला लागत होती. घोडेगावला उतरलो, तिथून वडापनं (माणसं भरून नेणाऱ्या जीपनं) सोनईला.

घर विचारत गेलो. पत्र्याचं दार, पुढं ओटा, तुळस. कुणी दिसेना. ओट्याजवळ उभा राहिलो तर आतून आवाज आला,

"आलात व्हय? चपला तितंच काडा, आत्ताच सारवलंय."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. सिंधूचा आवाज. तोच चढ, तोच 'व्हय' लांबवणं. आदल्या दिवशी वडाखाली, बंगल्यात, बारवेत जे झालं नाही ते सोनईला भर सकाळी झालं. मी पिन लावलेली चप्पल काढली आणि तसाच खांब धरून उभा राहिलो.

शकू पदराला हात पुसत बाहेर आली. तिला वाटलं होतं मालक शेतातून आले. मला बघितलं आणि थांबली. घाटावर मी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं, केस पांढरे झाले होते. मला एवढंच आठवत होतं की ती जाड होती. ती आता जाड नव्हती.

"दाजी?"

मी पिशवी पुढं केली. तिनं उघडून बघितली.

"ह्या टायमाला पुरंल का?" ती म्हणाली, आणि हसायला गेली, ते हसू काही पुरं झालं नाही.

मी म्हणालो, "शकू, सिंधूचं एक राहिलं हुतं. कावळा शिवला न्हाई त्यो म्हनून."

"आक्काचं काय बी राहिलं न्हवतं," ती म्हणाली. "आक्का मला दर गुरुवारी बाजारात भेटायची. माझ्या नातवंडांची दुपटी-झबली तिनं केली, मी तिला शेंगा-ठेचा दिला. शेवटच्या दुखन्यात, दवाखान्यात तुमी चहाला जायचा तवा मी तिच्यापाशी बसायचे. राहिलं असंल तर तुमचं राहिलंय, दाजी. तिच्या नावावर कशाला घालता?"

दवाखान्यात रोज चहाला मी लांबच्या टपरीवर जायचो. सिंधूच म्हणायची, जा, जरा पाय मोकळे करून या.

जेवायला वाढलं तिनं. मी म्हणालो, घरी चल. ती म्हणाली, "त्या घरात आता मला हाक मारायला कोन हाय? आक्का असती तर अनवानी आले असते." मग थोड्या वेळानं म्हणाली, "येईन कवातरी." निघताना तिनं मूठभर बुंदी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. मी मागं वळून बघितलं नाही.

लोक विचारतात म्हणून सांगतो. तुमच्या घरातलं कुणी नुकतं गेलेलं नसेल तर जा भुतं बघायला. पोरं प्रामाणिक आहेत, पाय मोकळे होतात, शहर कळतं. तुमच्या घरातलं कुणी गेलेलं असेल तर तेच पैसे गाडीभाड्याला ठेवा आणि जिथं जायचं राहिलंय तिथं जा. पण आपलं माणूस जिवंत असतानाच गेलात तर दोघांचं तिकीट काढता येतं. मला एकट्याचंच काढावं लागलं.

देवळालीला पोचलो. गायीला वैरण टाकली. सुरेखाचा फोन आला. "अन्ना, दिसली का भुतं?"

"न्हाई. मावशीकडं जाऊन आलो. सोनईला."

"काय सांगता! शकूमावशीकडं? तुमी?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. "थांबा, आदी आईला द्या फोन, तिला—"

गोठ्यात गाय वैरण खात होती, तेवढाच आवाज दोघं ऐकत राहिलो.