दगडाचं बारसं

आमच्या थराचं नाव परवा छापून आलं आणि मी कितीतरी महिन्यांनी दुपारी निवांत झोपले. आई म्हणाली, "लोकांच्या पोरी लेकरांचं बारसं करत्यात, आमचीनं दगडाचं केलं." आप्पा नुसते हसले. ते हसले हीच मोठी गोष्ट, कारण याच बारशावरून मधे आमच्या घरात चूल सोडून सगळं थंड पडलं होतं.

मी निपाणीत वाढले, बेळगावात भूशास्त्र शिकले आणि आता तेच शिकवते. खडकांच्या थरांची वर्गवारी कशी करतात असं कुणी विचारलं, की मी पोस्टाचा पत्ता सांगते. घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा. तसे आमचे बेड, मेंबर, फॉर्मेशन, ग्रुप आणि सुपरग्रुप. एकेकटा थर म्हणजे बेड. एका चेहऱ्यामोहऱ्याचे काही बेड मिळून मेंबर होतो. त्याच्या वर फॉर्मेशन, म्हणजे नकाशावर वेगळा रंग देऊन दाखवता येईल एवढा ऐवज. पुढं तालुका-जिल्ह्यासारखं चढत जायचं. गोकाकला धबधबा ज्या वालुकाश्मावरून पडतो तो एका सुपरग्रुपातला, आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या कितीतरी आधीचा.

नाव द्यायचं ते जागेचं. जिथं तो थर तळापासून माथ्यापर्यंत उघडा दिसतो, तिथलं गाव, टेकडी किंवा ओढा. माणसाचं नाव चालत नाही, मग तो कितीही मोठा असो. बेळगावजवळच्या देसूरचं नाव असंच एका फॉर्मेशनला लागलं आहे. देसूरला बसची वाट बघणाऱ्याला ते ठाऊक नसतं आणि त्यावाचून त्याचं काही अडतही नाही. आणखी एक म्हणजे, एकदा छापलेलं नाव बदलत नाही. बेळगावचं बेळगावी झालं, पाट्या बदलल्या, केवढा आरडाओरडा झाला. पण गावाचं नाव बदललं म्हणून थराचं बदलत नाही. मला हा नियम फार आवडायचा. पुढं त्याचीच भीती वाटायला लागली.

मला सापडलेला मेंबर म्हणजे काळा दगड, त्यात पोह्यांसारखे पांढरे स्फटिक, खाली भाजलेली तांबडी माती आणि वरही तांबडी माती. निपाणीपासून सदलग्यापर्यंत तो जागोजागी डोकं वर काढतो. पण नाव द्यायचं तर तळ आणि माथा एकाच ठिकाणी दिसले पाहिजेत. आमचा मुलूख उसाचा, सगळा दगड काळ्या रानाखाली झाकलेला. म्हणून आम्ही मंडळी न बांधलेल्या जुन्या विहिरी शोधत हिंडतो. अख्खा मेंबर दाखवणारी विहीर मला एकाच गावात मिळाली. ते गाव आप्पांचं.

आप्पा वीजखात्यातून निवृत्त झाले. आपल्या जन्मगावाला ते 'आमचं गाव' कधीच म्हणत नाहीत, 'ते गाव' म्हणतात. आम्ही बौद्ध. आजीच्या काळात त्या विहिरीला आमच्या माणसांनी हात लावायचा नाही, अशी रीत होती. आजी काठापासून लांब घागर ठेवून बसायची. कुणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा. हे आप्पांनी मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "एकदा सांगितलंय न्हवं?"

त्या विहिरीत उतरताना मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू? कुणी अडवलं नाही, उलट पंचायतीच्या अध्यक्षबाईंनी घरी नेऊन चहा पाजला. आजीला जिच्या जवळ फिरकू दिलं नाही, तिच्या कातळावर मी खुशाल हातोडा मारत होते. आप्पांना सांगितलं की त्यांनाही आनंद होईल, असं मी धरून चालले होते.

रात्रीच्या जेवणात सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"म्हंजे त्या गावाचं नाव दगडाला देणार व्हय?"

"हो आप्पा. जगात कुणीही या थराबद्दल लिहिलं, तर तेच नाव लिहावं लागेल."

"आणि ते परत निघत न्हाय?"

"नाही."

"झ्याक हाय. माझ्या आईला बसवून ठेवलं त्या गावाचं नाव माझ्याच लेकीनं अमर करायचं."

ते अर्ध्या ताटावरून उठले. मी तापट, त्यांच्यावरच गेले आहे. मागून ओरडले, "शास्त्रात राग-लोभ चालत नाहीत!" झालं. दोघांच्याही तोंडाला कुलूप. "आप्पांना सांग, मी उशिरा येईन." "पोरीला सांग, डबा ईसरू नको म्हणावं." मधल्या मधे आईचा निरोप्या झाला.

ज्यांच्याबरोबर मी हे काम करत होते त्या मॅडम बेळगावातल्या जुन्या घराण्यातल्या, नियमाला पक्क्या. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दुसरी पूर्ण जागा मिळाली तर तिचं नाव दे. नाही मिळाली, तर त्या गावाचंच द्यावं लागेल. उगाच लांबची जागा दाखवून खोटं नाव मी देऊ देणार नाही." त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. पावसाळा लागला की ओढे भरतात, दगडावर गवत चढतं. तोवर काय ते शोधायचं, एवढी मुदत मिळाली.

कोगनोळीजवळ महामार्गासाठी कापलेल्या दरडीत माथा दिसला, तर तळ रस्त्याखाली. संकेश्वरकडं तळ मिळाला, तर वरचा भाग झिजून कधीच गेलेला. नदीकाठी बघावं तर नुसता गाळ. उन्हानं डोकं भणभणायचं, तोंडात शिव्या यायच्या आणि ऐकायला फक्त म्हशी. आप्पा म्हणाले ते मला आतून पटलं होतं. आजीला पाण्यासाठी ताटकळत ठेवणाऱ्या गावाचं नाव माझ्या हातून कायमचं दगडाला लागणार, या विचारानं जेवण जात नव्हतं. संध्याकाळी फाटक वाजलं की आप्पा टीव्हीचा आवाज मोठा करायचे. पण पाण्याचा तांब्या मात्र माझ्यासाठी भरून ठेवलेला असायचा.

शेवटी मी सगळी अक्कल गुंडाळून ठेवली आणि विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी शिकवते तेच केलं. आपल्याकडचे थर जवळजवळ सपाट पसरलेले असतात. एक ओळखीचा पट्टा धरायचा आणि त्याच पातळीनं चालत राहायचं. मी पुन्हा त्या विहिरीपाशी गेले, तिथला तांबडा पट्टा धरला आणि उताराच्या कडेकडेनं निघाले. पट्टा गावापासून दूर गेला. आमच्या जुन्या वस्तीच्या मागून वळला, माळ ओलांडून ओढ्यात उतरला. ओढ्याकाठी खडीची एक बंद पडलेली खाण होती. बाभळी बाजूला सारल्या. खाली तांबडं, मधे पोहे पेरलेला काळा दगड, वर तांबडं. विहिरीपेक्षा कितीतरी स्वच्छ! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिथंच मटकन बसले आणि हुंदके देऊन रडले. छातीवरचं ओझं उतरलं होतं.

नकाशात ओढ्याचं नाव बारीक अक्षरात होतं: चिंचओढा. या नावाचा दुसरा थर कुठं नाही ना, हे मॅडमनी त्याच संध्याकाळी तपासलं.

घरी आल्यावर आईला मधे न घेता थेट विचारलं, "आप्पा, चिंचओढा ठाऊक आहे?"

त्यांनी टीव्ही बंद केला. "आमचं पाणी हुतं ते. वाळूत झिरा खणायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची. लई येळ लागायचा, पण कुणी वतायची वाट बघावी लागत नव्हती." मग म्हणाले, "आणि खाणीत माझा बा खडी फोडायचा. का गं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी तयार. गावातून न जाता आम्ही माळावरच्या वाटेनं गेलो. खाणीच्या भिंतीपुढं मी त्यांना तळ दाखवला, माथा दाखवला. आता हा थर चिंचओढ्याच्या नावानं जाणार, हेही पुन्हा सांगितलं. ते हात पाठीमागं बांधून ऐकत होते.

"ह्यो दगड आता सगळ्यांचा झाला म्हण की," ते म्हणाले.

"हो, सगळ्यांचा."

ते आणखी एक पाऊल पुढं सरकले आणि थांबले. माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "हात लावला तर चालतंय न्हवं?"



"चालतंय काय, आप्पा! त्यासाठीच तर जागेचं नाव देतात. ज्याला पटत नसेल त्यानं इथं यावं आणि हात लावून बघावं. कुणीही."

त्यांनी आधी उजवा तळवा दगडावर टेकवला, मग डावा, आणि बराच वेळ काढलाच नाही.