उडवायची ओळ

घाटकोपरच्या डोंगरावर आमची एक खोली होती आणि त्यात आम्ही सात जण. बाबा नळाच्या तोट्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात होते, संध्याकाळी काळेठिक्कर होऊन यायचे. आई आणि आजी इमिटेशनच्या माळा ओवायच्या. दिवसभर मण्यांची ताटं पसरलेली, पाय ठेवायला जागा नसायची. मी अभ्यास केला तो पोटमाळ्यावर पालथी पडून. उठून बसलं की डोकं पत्र्याला लागायचं. तसा अभ्यास करून स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी झाले, पहिल्या वर्गात. घरातली पहिली पदवी. हे मी कुणालाही सांगते.

खोलीचं मात्र सांगत नसे. अंधेरीच्या ऑफिसात कुणी विचारलं की "घाटकोपर, मेट्रोजवळ" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

मग कंपनीने ऑफिसची जागा सोडून सगळ्यांना घरून काम द्यायचं काढलं. त्याआधी प्रत्येकाकडून माहिती मागवली. वय, शिक्षण, पगाराची श्रेणी, घरात माणसं किती, खोल्या किती, असं बरंच काही. नाव लिहायचं नव्हतं, म्हणून मीही खरं ते भरलं. तपासणी आमच्या टीमकडे आली आणि प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे. बाकीचे खूश होते. मला एकच घोर, घरून म्हणजे नेमकं कुठून? पोटमाळ्यावर लॅपटॉपची स्क्रीनसुद्धा पूर्ण उघडत नाही.

पहिलं काम, बाकीच्यांत न बसणाऱ्या नोंदी शोधायच्या. एकेक रकाना वेगळा पाहिला तर काहीच खटकत नव्हतं. सात माणसांची घरं इतरही होती. एका खोलीत एकटे राहणारे होते. पदवीधर तर सगळेच. पण सगळे रकाने एकत्र धरून प्रत्येक माणसाची ओळ बाकीच्यांपासून किती लांब पडते, हे मी प्रोग्रॅमला काढायला लावलं होतं. मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर चित्र उमटलं. एका ओळीचा एक ठिपका. ठिपक्यांचा दाट घोळका, आणि एक ठिपका पार वरच्या कोपऱ्यात.

ओळ उघडायच्या आधीच मला कळलं. कान तापले.

"सात माणसं, एक खोली!" बोरिवलीचा माझा सहकारी हसायला लागला. "कुणीतरी आकडे उलटे टाकलेत यार. एक माणूस, सात खोल्या."

"मुंबईत सात खोल्या? मग तो इथे नोकरी कशाला करेल रे?" आमची टीम लीड म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते, खोलीपेक्षा जास्त.

"उडव गं ती ओळ. टायपिंगची चूक आहे," लीड म्हणाली.

कर्सर त्या ओळीवर होता. उडवली असती तर अहवालात 'घरून काम सगळ्यांना जमेल' असंच गेलं असतं. आणि माझी नोकरी गेली असती, दुसरं काय?

"चूक नाहीये," मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. "माझी आहे ती ओळ. आई, बाबा, आजी, दोन भाऊ, बहीण आणि मी."

"सॉरी गं, मला वाटलं..." सहकारी म्हणाला.

"ती चूकच असावी असं मलाही वाटत होतं," मी म्हणाले. वर बघायची हिंमत नव्हती. लॅपटॉपच्या स्क्रीनकडेच बघत राहिले, आणि तिथे पुन्हा तीच ओळ.

लीडने लॅपटॉप स्वतःकडे ओढून ती ओळ वाचली आणि तो परत माझ्याकडे सरकवला. "राहू दे ती. आणि खाली लिही, सगळ्यांना घरून जमणार नाही."

घरी आईला सांगितलं. ती मणी ओवता ओवता म्हणाली, "आजीला कशाला मोजलंस? ती गणपतीला गावी जाते ना!" माझ्या लाजेचं तिला काहीच पडलं नव्हतं. मला मात्र जेवण गेलं नाही. सगळ्यांसमोर उघडी पडल्यासारखं वाटत होतं, आणि आपल्याच घराची अशी लाज वाटावी, याचंही वाईट वाटत होतं.

अहवाल ओळीसकट गेला. कंपनीने अर्धी जागा ठेवली. तिथे मला टेबल मिळालं आणि नोकरी टिकली.