तोफेभोवतीची हजामत

एकाहत्तरच्या लढाईत, विमानहल्ल्याची भीती असताना, मी आमच्या विमानविरोधी तोफेभोवतीचं गवत मुळापासून कापलं आणि कडेच्या दगडांना चुना फासला. हुकूम कुणाचाच नव्हता. अक्कल सगळी माझी.

तोफ घाटकोपरच्या मागच्या टेकडीवर होती. समोर दूरवर माहुलच्या तेल कारखान्यांच्या चिमण्या. त्यांची राखण हे आमचं काम. टेकडीवर माती बोटभर, बाकी कातळ. तरी कुसळी गवत कमरेएवढं. उन्हानं करपावं, वणव्यात जळावं आणि पावसाळ्यात पुन्हा उभं राहावं, असली त्याची जात. कुसळं मोज्यांतून थेट हाडाशी जाऊन रिपोर्ट करत. त्यात ससे होते, बिया टिपणाऱ्या मुनिया होत्या आणि पायाखालून भर्रकन उडणारे लावे. पहिला लावा उडाला तेव्हा मी पोझिशन घेऊन पालथा पडलो होतो. सगळी डिटॅचमेंट हसली. गवतावर माझा राग तेव्हापासूनचा.

"साब, ह्या गवात रवांदे," गनर सखाराम म्हणाला. तो मालवणकडचा. "लावे उडाले की कोण इलो ता कळता. आणि वरसून आपण दिसनव नाय."

"गनर, ही मिलिटरी पोझिशन आहे. रान नाही."

फौजेत एक खोड लागते. हलत नाही ते रंगवायचं, वाढतं ते छाटायचं. दुपारपर्यंत सगळं परेड ग्राउंडसारखं चकाचक झालं. फील्ड टेलिफोन वाजला. पलीकडच्या टेकडीवरून कॅप्टनसाहेब बोलत होते.

"हवालदार, तुझी तोफ मला दुर्बिणीशिवाय दिसतेय."

"थँक्यू, सर."

"थँक्यू काय, गाढवा! वैमानिकालाही दिसेल. झाक ती!"

मागच्या उतारावरून गवताचे भारे आणायला लागलो. तोफ अर्धी झाकली, तोच पुन्हा टेलिफोन.

"रेड! रेड! टेक पोस्ट!"

सगळे तोफेवर. समुद्राकडून घरघर येत होती. दगडांचं पांढरं कडं उन्हात लखलखत होतं. सखाराम टेहळणीवर होता. त्यानं दुर्बीण माझ्या हातात कोंबली, एक भारा उचलला आणि बाहेर धावला.

"सखाराम, आत ये! ऑर्डर आहे!"

त्यानं निम्मं गवत दगडांवर पसरलं. उरलेल्या दगडांवर तो स्वतः पालथा पडला आणि बाकीचं गवत पाठीवर ओढून घेतलं. घरघर वाढली. तोफेची नळी आवाजाच्या रोखानं फिरली. 'फायर' माझ्या जिभेवर होतं, इतक्यात टेलिफोनवरून कॅप्टनसाहेब ओरडले,

"होल्ड फायर! आपलंच आहे. होल्ड फायर!"

विमान डोक्यावरून गेलं. सखाराम उठला. शर्टाला मागून कुसळं, पुढून चुना.

"साब, चुनो अजून वलो हा," एवढंच म्हणाला.

लढाई थांबली आणि आम्हाला पश्चिम सीमेवर पाठवलं. तिथं मी गवताच्या काडीला कुणाला हात लावू दिला नाही. त्या गवतात सुरुंग पेरलेला होता. सखारामचा पाय त्यावर पडला. तो जागीच गेला.

रजेवर आलो तेव्हा त्याच्या बायकोला भेटायला गेलो. घाटकोपरलाच, त्याच टेकडीखाली चाळीत तिची खोली. मी नाव सांगितलं. तिनं पाणी दिलं आणि मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ते पत्रात लिहायचे, ते गवताची हजामत करणारे हवालदार तुम्हीच काय?"

मी मान हलवली.

"मग बसलात कशाला? मागच्या दारी रान माजलंय. विळा खुंटीला आहे. चुना तेवढा लावू नका."