अमिराच्या काकांचं कपाळ

माझे वडील भिंतीवर लावायच्या तसबिरी हातमागावर विणतात. सोलापुरात चादरवाले पायलीचे पन्नास. पण माणसाचं तोंड विणणारे आता बोटावर मोजण्याइतके, आणि त्यांतले अप्पा सगळ्यांत हट्टी. हे मी मुलगी म्हणून सांगते. गिऱ्हाइकं याहून वाईट सांगतात.

आयुष्यभर त्यांनी देव विणले, संत विणले, स्वर्गवासी पुढारी विणले. त्यांतलं कुणी स्वतःचं तोंड बघायला आलं नाही, ही अप्पांची जुनी खंत. "जित्या मानसानं बगून म्हनायला पायजे, व्हय, ह्यो मीच. तवा कळतंय हात बसलाय का न्हाय."

गेल्या वर्षी शेजारचे चाचा सुट्टीवर आले. ते तिकडं अमिरातीत, एका अमिराच्या थोरल्या काकांची गाडी चालवतात. आता चाकरी सोडून कायमचं घरी यायचं ठरलं होतं, म्हणून जाताना धन्याला धन्याचीच तसबीर अप्पांकडून विणून द्यावी असं त्यांच्या मनात होतं. अमिरात म्हणजे काय, हे त्यांनी अप्पांना समजावलं. "सात संस्थानं हाईत. परत्येकाचा अमीर येगळा. आपलं अक्कलकोट होतं की, तसंच. फकस्त तितले राजे अजून गादीवर हाईत."

"मंग तुमचे शेख राजे न्हवंत?"

"राजाचे काका."

"राजाचा काका म्हंजे राजाच की," अप्पा म्हणाले आणि कामाला लागले.

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. चाचांनी दिलेल्या फोटोवरून आलेखाच्या कागदावर उतरवलेलं शेखांचं नाक, शेखांची दाढी. पांढऱ्या दाढीला अप्पांनी पाच प्रकारचं पांढरं सूत लावलं. मला तर पाचही सारखीच दिसत होती, आणि तसं बोलून दाखवल्याबद्दल मी तेलुगूत शिव्याही खाल्ल्या. घरात आम्ही तेलुगूच बोलतो.

चाचांच्या विमानाला दोन दिवस होते तेव्हा तसबीर मागावरून उतरली. अप्पांनी ती पाटावर ठेवली, डोळे मिटले, हात जोडले, आणि माल उतरल्यावर नेहमी लावतात तसं हळदकुंकू लावलं. आजवर विणले ते बहुतेक देवच. हात सवयीनं सरळ कपाळावर गेला. अंगठ्याएवढं ठसठशीत ओलं कुंकू, अमिराच्या काकांच्या कपाळी!

मला हसू आवरेना. चाचांनाही आवरेना, पण ते बिचारे तोंडावर रुमाल धरून हसत होते. अप्पा मात्र मटकन खाली बसले. पुसायला गेलो तर कुंकू आणखी पसरलं. "आता कसले वळकतात त्ये," एवढंच ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघून माझं हसणं जागच्या जागी थांबलं. मला फार वाईट वाटलं.

पण हट्टी माणूस किती वेळ बसून राहणार? त्यांनी सुई घेतली, पांढरं सूत घेतलं, आणि शेखांच्या डोक्यावरचा रुमाल धाग्याधाग्यानं खाली ओढत आणला. दोन बोटं खाली, थेट भुवयांपर्यंत. कुंकू झाकलं गेलं. फोटोत मात्र शेखांचं कपाळ चांगलं मोकळं होतं. चाचा तसबीर गुंडाळून घेऊन गेले.

आठ दिवस अप्पा धड जेवले नाहीत. मग एका दुपारी चाचांचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बगितलं त्यांनी. लई वेळ बगत हुते. म्हनले, हा मीच. लहानपनी ऊन लागू नये म्हनून आई माजा रुमाल असाच भुवयांपातुर ओढायची. ह्या विणकराला कसं कळलं, म्हनून विचारतात."

मी अप्पांना खुणेनं सांगत होते, गप्प राहा, मान घ्या. पण कापडाबाबत अप्पा कधी खोटं बोलले नाहीत. "खरं सांगा त्यास्नी," ते म्हणाले. "खाली कुंकू हाय म्हनावं."

पलीकडं चाचा अरबीत काहीतरी बोलले. मग चाचा म्हणाले, "विचारतात, अजून हाय का तितं?"

"हाय की. पक्कं हाय. धुतलं तरी जायचं न्हाय."

चाचांनी तेही सांगितलं असावं. कारण मग फोनमधून कुणीतरी म्हातारं माणूस हसायला लागलं, मोठ्यांदा, खोकला येईपर्यंत. अप्पांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि कानाशी धरला. इतकी तोंडं विणली त्यांनी, पण त्यांतलं एक हसताना त्यांना पहिल्यांदाच ऐकू येत होतं.