चुड्याखालचो हात

...नाय गो रिया, कपाळाचा मगे लिही. मी सांगतंय तसा आधी हात लिही. तारकर्लीच्या नर्मदेचो उजवो हात! मालवणच्या बाजारात ती आडाळ्यार, म्हणजे विळयेर, बसली काय हातभर इसवणीचे, सुरमयचे, कसे सारखे तुकडे पडायचे. कोण म्हणाला, "पातळ काप गो," तर म्हणायची, "पातळ होया तर कागद खा मरे!"

तर गणपती झाले आणि ती भाच्याच्या मोटरसायकलीर बसान मसुऱ्याक जाय होती. वळणार ढोर आडवा इला. भाच्याक खरचाटला, नर्मदेचा कपाळ फुटला. रगात बघून लोकांनी तिका मोठ्या हॉस्पिटलात नेली.

थंय सगळे कपाळाकच चिकाटले. एक टाके घालता, एक डोळ्यात बॅटरी मारता. नर्मदा कण्हता, "माझो हात... हात बघा." डॉक्टर म्हणालो, "बाई, आधी डोकं. हाताचं नंतर." सिस्टर हिरवो चुडो काढूक गेली, तर सासू सुभद्रा मधी पडली. "हात लावू नको! माझो हरिश्चंद्र बोटीर आसा. घोव दर्यार असताना बायलेचो चुडो उतरवतत?"

"बरं, नंतर बघू," सिस्टर म्हणाली.

ता 'नंतर' इलाच नाय! सिस्टर बदलली, डॉक्टर बदललो. "बोटां हलव बघू," इतक्याव कोणी म्हणाक नाय. कागदार लिवल्यानी, इतर दुखापत नाही. तिसऱ्या दिवशी घराक धाडल्यानी.

हात फुगलो. सुभद्रा हळद लावता, शेक देता. आठव्या दिवशी हरिश्चंद्र बोटीरसून धडधाकट इलो. चुडो मांसात रुतलेलो बघल्यान आणि तेनाच तो फोडल्यान. बायलेक घेवन परत त्याच हॉस्पिटलात गेलो. थंय तेच्यासमोर तोच कागद धरल्यानी. "रिपोर्ट नॉर्मल आहे. मुका मार आहे."

कागद बघितल्यानी गो, हात नाय!

महिन्यान नर्मदा आडाळ्यार बसली. इसवण धरल्यान आणि ती सटकान गिऱ्हाइकाच्या पायार पडली. "काय गो, जिती आसा काय?" तो हसलो. नर्मदेन हात पदराखाली घेतल्यान.

मगे कणकवलीक नेल्यानी. थंयच्या डॉक्टरान हाडाचो फोटो काढल्यान. मनगटातला हाड अपघाताच्याच दिवशी मोडलेला. "तेव्हाच प्लास्टर घातलं असतं तर बरं झालं असतं," म्हणालो. ऑपरेशन झाला, पण मूठ काय पुरी मिटणा नाय. आता मासे कापता तिची जाव, नर्मदा डाव्या हातान नुसती तोलून देता.

सुभद्रा आपणच सांगता, "चूक माझी." अगो, पण ती अडाणी! शिकलेल्यांका काय झाला होता? साबण लावून चुडो काढूक येय नाय होतो? बघूचा आणि परत घालूचो. कासार रोज करता ता!

आपल्या शेजारच्या आनंदीचा चेडू आकांक्षा कणकवलीक सिस्टर झाला मा? तेका ह्या वाचून दाखव. म्हणाव, टाके घालून झाले तरी दुसऱ्या सकाळी माणसाक डोक्यापासून पायापर्यंत परत एकदा बघ. बोटां हलवूक सांग. आणि सासू आरडली तर आरडांदे.