मामांच्या दारची बोंब

जगात कुठेही एखाद्या तरुणाने दगड उचलला, की माझ्या आईच्या मामेभावाला उत्साह चढायचा. दगडाचा नव्हे, आता त्याला प्रश्न विचारता येतील, याचा. मामा समाजशास्त्राचे प्राध्यापक. केस वाढवून घर सोडलेली परदेशी मुलं, मोर्चे, मारामाऱ्या यांतच त्यांचा जन्म गेला. एका मोर्चात भुवई फुटली, तर टाके घालणाऱ्या डॉक्टरांना म्हणाले, "मारणारा कॉलेजच्या कोणत्या वर्षाला असेल हो?" लग्नही म्हणे असंच राहिलं. मुलगी पाहायला गेले आणि तिच्या धाकट्या भावाला, तू वडिलांशी का भांडतोस, हे विचारत बसले.

निवृत्त होऊन ते मालवणजवळच्या गावी राहायला आले, तेव्हा ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. मी कॉलेजच्या सुट्टीत आणि शिमग्याला त्यांच्याकडे जायची. मी फारशी बोलत नसे, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

शिमग्यात आमच्याकडे मुलांचं रोंबाट ढोल बडवत दारोदार फिरतं. मुलांनी घरधन्याच्या नावाने बोंब मारायची, त्याने काठी घेऊन धावायचं, मग हसत नारळ द्यायचा, अशी रीत. मामा पहिल्याच वर्षी खुर्ची नि कागद घेऊन बाहेर आले. "छान! आता जरा सावकाश. हा राग नेमका कुणावर?"

ढोल थांबला. "मामानू, एकदा काठी तरी उगारा हो!" एकजण काकुळतीला आला. मामांनी तेही लिहून घेतलं.

पुढच्या शिमग्याला ते सकाळीच दाढी करून पडवीत बसले. कागद नव्हता. हाताशी काठी, शेजारी सोललेला नारळ. रोंबाट आलं आणि अंगणाबाहेरच थबकलं.

"हय नको रे. ते रागवत नाय, लिवन घेतत."

मुलं अदबीने पुढे गेली. शेजारच्या दारात बोंब उठली. मामा काठीवर हात ठेवून ऐकत राहिले. "आयुष्यभर यांच्यातच वावरलो गं," ते म्हणाले, "पण मला शिवी द्यावी इतकं जवळचं कुणी मानलं नाही."

मामा गेले, वर्ष सरलं. पुन्हा शिमगा आला. मी घर उघडून झाडत होते. मुलं अंगणाबाहेर थांबली, कुजबुजली, आणि मग मामांचं नाव घेऊन अशी बोंब ठोकली की माडावरचे कावळे उडाले.

कोपऱ्यातली काठी मी कधी उचलली, कळलंच नाही. कुणावर कधी आवाज न चढवलेली मी, ओरडत अंगणभर धावले. मुलं खिदळत पळाली.

"आता कसा बरा वाटला!" त्यांतला एकजण लांबून ओरडला.

नारळ मी मामांच्या नावाने दिला.