संध्याकाळच्या वर्गाची सोबत

"नक्को, मीच करते," हे आमच्या कचेरीतल्या टायपिस्ट बाईंचं ठरलेलं वाक्य. टाइपरायटरची फीत अडकलेली असो की कपाटावरचं फायलींचं गाठोडं उतरवायचं असो, कुणी मदतीला उठलं की त्या बांगड्या कोपराकडे सारीत आणि एवढंच म्हणत.

हैदराबादच्या त्या सरकारी कचेरीत त्या आणि मी एकाच आठवड्यात लागलो. दोघंही मॅट्रिक. मार्क त्यांना जास्त. माझ्या मसुद्यातल्या चुका त्या टाइप करतानाच दुरुस्त करीत, वर बोलून दाखवीत नसत.

जामबागेजवळ संध्याकाळचं कॉलेज निघालं, तेव्हा दोघांनी परवानगी मागितली. माझ्या अर्जावर साहेबांनी न वाचता सही केली. त्यांना म्हणाले, "वडिलांची चिठ्ठी आणा." चिठ्ठी आली, पण घरून अट आली: परतताना धाकट्या भावाची सोबत हवी. भाऊ महिनाभर कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला. मग मित्र हसतात म्हणून यायचा थांबला.

तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्या टेबलाशी आल्या.

"तुम्ही घरी चिक्कडपल्लीला आमच्या बरकतपुऱ्यावरूनच जाता ना? कोपऱ्यापर्यंत सोबत केलीत तर चालेल. बाबांना विचारलंय मी."

"अहो, लोक काय म्हणतील?" मी म्हणालो.

"हौ, तेही खरंच." त्या जागेवर जाऊन बसल्या.

कोणते लोक? आज आठवू म्हटलं तर एकही चेहरा डोळ्यांपुढे येत नाही.

हजेरी भरली नाही, त्यांचं नाव कटलं. मी बी.ए. झालो. पेढे वाटले, तेव्हा त्यांनी अर्धाच घेतला. तुमच्याही कचेरीत अशी एखादी बाई खाली मान घालून टाइप करीत असेल. आम्ही त्याला 'समाधानी स्वभाव' म्हणायचो.

पुढे छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पदवीधर म्हणून मला बढतीवर औरंगाबाद मिळालं. मला मोकळं करण्याचा हुकूम त्यांनीच टाइप करून पोचेच्या सहीसाठी आणला.

"तिकडे संध्याकाळचं कॉलेज आहे?"

"माहीत नाही. का हो?"

"मीही पसंतीत औरंगाबादच लिहून दिलं होतं. साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा नको म्हणाले. अर्ज पुढे गेलाच नाही."

"आणि तुम्हाला नाही विचारलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या कधी कुणाकडे तसं पाहत नसत.

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?" त्या म्हणाल्या, आणि सहीची जागा बोटाने दाखवली.

मी सही केली. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत.